मासिक व्याख्यान, एक महजर आणि ओढ्याकाठची जमीन

सातारा जिल्ह्यात कृष्णेच्या खोऱ्यातल्या एका गावात स्थानिक इतिहासाचं मंडळ चालतं. नोंदणी नाही, कार्यालय नाही, पावतीपुस्तकही नाही. निवृत्त मुख्याध्यापक, निवृत्त तलाठी, दूध संस्थेचे सचिव, पुण्याला नोकरी करून शनिवार-रविवारी गावी येणारे दोघं-तिघं तरुण आणि बी.ए.ला इतिहास घेतलेली एक मुलगी, एवढ्यांनी मिळून उभा केलेला हा उद्योग. महिन्यातून एका शनिवारी संध्याकाळी व्याख्यान, बाकी काही नाही. मी त्या गावचा नाही. मोडी वाचता येते म्हणून बोलावणं आलं आणि मग येणं-जाणं सुरू राहिलं.

इथे मांडतो आहे ते त्यातल्या एकाच व्याख्यानाचं प्रकरण, त्याच्या आगेमागे जे घडलं त्यासह. गावाचं नाव देत नाही आणि माणसं ओळखू येतील असे बारकावे बदलले आहेत, कारण मामला जमिनीचा आहे. इतर गावांत अशी मंडळं चालवणाऱ्यांना आज ना उद्या याच वळणावर यावं लागणार, म्हणून लिहून ठेवतो.

सुरुवातीच्या काळात मंडळाने सगळे करतात तेच केलं. वक्ते बाहेरचे, विषय मोठे: शिवरायांची राजनीती, पानिपत, किल्ल्यांची बांधणी. जागा मारुतीच्या देवळाचा सभामंडप. आधी दीपप्रज्वलन, मग प्रास्ताविक, मग वक्त्याचा सत्कार, मग सरपंचांचा, मग ज्यांनी माईक दिला त्यांचा. व्याख्यान सुरू होईपर्यंत लहान पोरं पेंगलेली आणि बायका स्वयंपाकाला उठून गेलेल्या असायच्या. पहिल्या दोन-तीन वेळा मंडप भरला. नंतर तेच ते चेहरे उरले आणि त्यातलेही निम्मे मंडळाचेच.

बदल झाला तो एका प्रश्नामुळे. पानिपतावरचं व्याख्यान रंगलं होतं, 14 जानेवारी 1761चा दिवस वक्त्याने तासातासाने उभा केला होता. शेवटी मागे खांबाला टेकून बसलेल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "आपल्या गावचं कोण गेलं होतं का त्यात?" वक्ते प्रामाणिक होते, म्हणाले, ते मला सांगता येणार नाही. म्हातारबा म्हणाले, "मग कोण सांगणार?" लोक हसले. पण पुढच्या बैठकीत मुख्याध्यापकांनी तोच प्रश्न पुन्हा काढला आणि त्यातून मंडळाचा नियम ठरला: विषय गावच्या शिवेच्या आतला हवा आणि वक्त्याने समोर एखादी तरी वस्तू ठेवली पाहिजे. कागद, दगड, भांडं, फोटो, नकाशा, काहीही. सत्कार बंद. डेअरीवर दूध घालून माणसं मोकळी झाली की सुरुवात आणि तासाभरात शेवट. ऊसतोडीची पाळी येते ते महिने आणि चैत्रातल्या यात्रेचा महिना सोडून द्यायचा.

माझ्या मते मंडळाचा खरा जन्म तेव्हाचा. देवळामागच्या वीरगळांवर व्याख्यान झालं ते तिथेच, दगडांसमोर, उभ्या-उभ्या. खालच्या चौकटीत लढताना पडलेला वीर आणि त्याच्या मागे गाई, मधल्या चौकटीत त्याला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर, माथ्यावर कलश आणि बाजूला चंद्र-सूर्य. यातल्या एका दगडाला गाव पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर लावत आलं आहे. गाई चोरून नेणाऱ्यांशी लढून कोणी एक इथे मेला, एवढी गोष्ट दगडच सांगतो म्हटल्यावर माणसं वाकून बघायला लागली. दुसऱ्याच दिवशी एकाने निरोप धाडला की आमच्या विहिरीवरच्या धुण्याच्या दगडाला खालच्या अंगाला घोडा आहे. बायकांच्या जात्यावरच्या ओव्यांची एक संध्याकाळ झाली, तिला सर्वांत जास्त गर्दी होती. महाराष्ट्रात अशा ओव्या लाखाहून जास्त गोळा झालेल्या आहेत हे सांगितल्यावर एक आजी म्हणाल्या, "त्यात माझ्या नसतील."

आता मूळ प्रकरण.

पाटीलवाड्यात पत्र्याच्या पेटीत कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, होते. घरातल्या आबांनी आपणहून मंडळाला सांगितलं की एकदा बघून घ्या, वाळवी लागायच्या आत. त्यांच्या ओसरीवर बसूनच मोबाईलवर फोटो काढले गेले, पेटी वाड्याबाहेर गेली नाही. बहुतेक कागद देण्याघेण्याचे, रोखे, पट्टीचे हिशेब. त्यात एक लांब महजर, म्हणजे जमलेल्या सभेपुढे झालेल्या निवाड्याचा कागद, निघाला. मोडीची ठेवण उत्तर पेशवाईतली, कागदाला मधे दोन ठिकाणी जोड. शेजारच्या गावाशी ओढ्याच्या अंगाला असलेल्या गायरानावरून शिवेचा तंटा झाला होता, त्याचा हा निवाडा.

मोडी वाचणाऱ्याची पहिली अडचण अक्षराची नसते, तारखेची असते. कागदावर सन लिहिला होता ‘सलास सबैन मया व अलफ’. ही शुहूर सनाची अरबी मोजणी: तीन, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे 1173. शुहूर सन मृगाला सुरू होतो. त्यात 599 मिळवले की त्या मृगाचं इसवी साल येतं, पुढच्या जानेवारीपासून 600 मिळवायचे. म्हणजे हा कागद 1772-73चा, नारायणराव पेशव्यांच्या आगेमागे. हे व्याख्यानात फळ्यावर करून दाखवलं तेव्हा शाळेतल्या पोरांनी सगळ्यांत आधी हिशेब केला.

मजकूर असा. दोन्ही गावचे पाटील, आसपासचं गोत, बलुतेदार जमले. वाद मिटेना, तेव्हा दोन्ही बाजूंनी कबूल केलं की या गावचा महार शीव चालून दाखवील आणि तो चालेल ती शीव खरी. त्याचं नाव कागदात आहे, ‘नाक’ या जुन्या प्रत्ययासकट. तो कुठून निघाला, कोणत्या खडकाला, कोणत्या चिंचेला, कोणत्या बांधाला लागून चालला, हे पायरी-पायरीने लिहिलेलं आहे. खाली पाटलाची निशाणी नांगर. त्या काळी असे तंटे मिटवायच्या ज्या रीती होत्या त्यातली ही एक. काही ठिकाणी उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढायचं रवा-दिव्य व्हायचं, त्यामानाने ही सौम्य म्हणायची. पण लक्षात घ्यायची गोष्ट ही, की सगळ्या गावाची शीव कुठे आहे हे ज्याला तोंडपाठ असलं पाहिजे, असा माणूस गावाने वेशीबाहेर ठेवला होता.

वादाचं कारण झाली ती या चालण्यातली एक ओळ: ओढ्याच्या पूर्वेला ‘महारांचे इनामाचे शेताचा बांध डावा घालोन’, म्हणजे तो बांध डाव्या हाताला ठेवून, तो पुढे गेला. एवढंच. निवृत्त तलाठ्यांनी ही ओळ ऐकली आणि ते गप्प झाले. गावच्या दुमाला, म्हणजे इनाम-वतनाच्या, जमिनींची नोंद होते तो गाव नमुना 3, त्यांच्या नोकरीच्या काळातले जुने फेरफार आणि हा बांध त्यांनी मनातल्या मनात जुळवला होता. ओढ्याच्या पूर्वेची ती पट्टी आज रस्त्याला लागून आहे. काही भागात एका वजनदार घराची द्राक्षबाग आहे, काही भागात प्लॉट पडलेत. बौद्धवस्तीतल्या एकाही घराच्या नावावर तिथे आज गुंठाभर जमीन नाही.

मंडळाने विषय जाहीर केला तो साधा: गावची वतनं आणि इनामं. व्हॉट्सॲपवर पत्रक फिरलं आणि फोन सुरू झाले. 2023च्या अखेरीपासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे मोडी कागदाकडे बघायची नजर साऱ्या महाराष्ट्रात बदलली आहे. कागद म्हणजे आता दाखला, निदान दाखल्याची आशा. त्यामुळे निम्मे फोन "आमच्या आडनावापुढे कुणबी लिहिलंय का बघा" असे होते. बाकीचे निम्मे वेगळे. बागवाल्या घरातून एकाने सचिवांना विचारलं, कोर्टकचेऱ्या लावायच्यात का गावात? आबांनी मुख्याध्यापकांना वाड्यावर बोलावून सांगितलं, "गुरुजी, कागद मी इतिहासासाठी दिला होता." वस्तीतल्या दोन तरुणांनी महजराची झेरॉक्स मागितली. त्यांच्यातला एक म्हणाला, "तुम्ही फक्त मोठ्यानं वाचा, पुढचं आम्ही बघतो."

बैठक झाली ती दूध संस्थेच्या मागच्या खोलीत. सचिवांचं म्हणणं होतं की विषय पुढे ढकलावा, तोवर वारं थंड होईल. पुण्याहून येणाऱ्यांपैकी एकाने तोडगा काढला: महजर वाचू, ती एक ओळ गाळू, कुणाला कळणार आहे? बी.ए.वाल्या मुलीने त्याला विचारलं, "उद्या दुसऱ्या कुणी तो वाचला तर आपल्या बाकीच्या वाचनावर तरी कोण विश्वास ठेवेल?" माझं मत विचारलं गेलं तेव्हा मी एवढंच सांगितलं, की अख्खा कागद वाचायचा असेल तर वाचीन, तुकडा वाचणार नाही. निवृत्त तलाठी बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "ओळ वाचा. पण ती ओळ म्हणजे सातबारा नव्हे, हे मला सांगू द्या."

या वाक्यावर पुढची सगळी आखणी उभी राहिली. व्याख्यान होणार, तारीख तीच. महजर पूर्ण वाचायचा. पण आजचा गट नंबर, आजच्या मालकाचं नाव, आजचा नकाशा पडद्यावर आणायचा नाही. कोणाला आपल्या जमिनीचे जुने फेरफार हवे असतील तर तहसील कार्यालयातून नक्कल कशी मागायची ते सांगायचं आणि तिथे थांबायचं. जागा देवळातून हलवून जिल्हा परिषदेच्या शाळेत न्यायची. हा मुद्दा सगळ्यांत कमी चर्चेत मंजूर झाला, आणि मला विचाराल तर तोच सगळ्यांत मोठा होता. देवळात वस्तीतली माणसं येत नव्हती, हे इतके दिवस सगळ्यांना दिसत होतं आणि कोणी बोललं नव्हतं. शेवटची गोष्ट, पहिलं बोलायचं वस्तीतल्या नानांनी. महजर, कायदा वगैरे नंतर.

आबांना व्याख्यानाचा मजकूर आधी दाखवायचा असंही ठरलं. हे मला पटलं नव्हतं, आजही अर्धंच पटतं. कागद ज्यांच्या घरातला, त्यांनी वाचनातली चूक दाखवावी, नाव चुकलं असेल तर सांगावं, हा त्यांचा हक्क आहे. काय वाचायचं हे त्यांनी ठरवणं वेगळं. पहिल्यासाठी म्हणून दार उघडलं की दुसरं आत येतंच. आबा तसे सभ्य. त्यांनी एक नाव दुरुस्त करून दिलं, ते त्यांचंच बरोबर होतं. मोडीत ह्रस्व-दीर्घाचा भेद नाही, त्यामुळे अशा ठिकाणी घरच्या माणसाचा कान लेखणीपेक्षा जास्त उपयोगी पडतो. आणि मग ते म्हणाले, "ती ओढ्याची ओळ राहू दे बाजूला." मुख्याध्यापकांनी नम्रपणे नाही म्हटलं.

शाळेचा मोठा वर्ग आणि बाहेरचा व्हरांडा भरला होता. वस्तीतली माणसं पहिल्यांदाच आली, बायकांसकट, आणि बसली मात्र एका बाजूला. नाना ऐंशीच्या पुढचे. त्यांनी वतनाचं कौतुक केलं नाही आणि रडगाणंही गायलं नाही. काम सांगितलं. वेसकराची पाळी कशी असायची, सरकारी वसुली तालुक्याच्या खजिन्यात पोचवायला सोबत कोण जायचं, गावात कुणी मेलं की परगावच्या सोयऱ्यांना सांगावा घेऊन रात्रीतून किती कोस चालायचं, मेलेलं जनावर कोणी ओढायचं, खळ्यावर बलुतं मागताना कुठे उभं राहायचं. "जमीन होती म्हणत्यात. होती की. पण जमिनीसाठी काम हुतं का कामासाठी जमीन, ते आमच्या आज्याला बी सांगता आलं नाय." मग 1956 साली बाबासाहेबांनी नागपूरला दीक्षा घेतली आणि इथेही वडीलधाऱ्यांनी बसून ठरवलं की गावकी बंद. जनावर ओढायचं नाही, वेशीवर उभं राहायचं नाही. "काम सोडलं म्हंजी जमीन बी सोडली, असं कुणी तवा समजावलं नव्हतं."

मला वाटतं त्या संध्याकाळचं सर्वांत मोलाचं बोलणं हेच. कागदात यातलं काही नाही. कागद वतन म्हणतो तेव्हा हक्क सांगतो आणि राबणूक सांगत नाही.

तलाठ्यांनी कायदा सांगितला तो फळ्यावर तीन सालं लिहून. 1874: इंग्रजांचा वंशपरंपरागत हुद्द्यांचा कायदा. गावकामगारांची वतनं त्याने एका चौकटीत आणली, पाटील-कुलकर्णी वरचे, महार वगैरे कनिष्ठ. जमीन विकता येत नाही आणि नोकरी टाकता येत नाही, अशी दुहेरी गाठ. 1928: डॉ. आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात या कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं. महारांचं काम आणि मोबदला यांचा धड हिशेब लागावा, इच्छा असेल त्याला वतनाच्या गुलामीतून सुटता यावं, हा त्याचा गाभा. ते मंजूर झालं नाही. 1958: कनिष्ठ ग्रामवतनं रद्द करणारा कायदा. जमीन आधी सरकारजमा झाली आणि मग आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, तिप्पट कब्जेहक्काची रक्कम भरणाऱ्या वतनदाराला परत द्यायची ठरली, तीही नवीन व अविभाज्य शर्तीवर. म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येणार नाही, वाटूनही घेता येणार नाही. पाटीलकीचा निकाल 1962च्या कायद्याने लागला, पण ती गोष्ट निराळी. पाटलाकडे वतनाखेरीजही शेती होती.

मग त्यांनी आवाज न चढवता पुढचं सांगितलं. आकाराच्या तिप्पट ही रक्कम आज ऐकायला किरकोळ वाटते. पण तुकडा लहान, वारस अनेक, निम्मे मुंबईला गोदीत नाहीतर गिरणीत, आणि नोटीस आली ती वाचणारं घरात कोणी नाही. अनेक गावांत काही जमिनींची रक्कम मुदतीत भरलीच गेली नाही. काही ठिकाणी सावकाराने भरली आणि जमीन कसायला घेतली. काही ठिकाणी परवानगी न घेता साध्या स्टँपवर व्यवहार झाले, तर काही ठिकाणी रीतसर परवानगी आणि नजराणा भरून विक्री झाली, ती पक्की. "यातलं आपल्या गावात कुठल्या तुकड्याचं काय झालं, हे फेरफार बघितल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही. मी सुद्धा नाही." हे वाक्य त्यांनी तीनदा उच्चारलं. एखाद्या सभेत तलाठ्याने इतक्या स्वच्छपणे बोललेलं मी ऐकलेलं नाही. नोकरीत असताना ते असं बोलले असते का, हा वेगळा प्रश्न.

त्यानंतर महजर. ती ओळ आली, वाचली गेली, पुढची आली. काही झालं नाही. झालं ते प्रश्नांच्या वेळी. बागवाल्या घरातला एकजण उठला आणि म्हणाला, "आमच्या आज्यानं पैसं मोजून घेतलीय जमीन." वस्तीतल्या तरुणाने बसल्या जागेवरून उत्तर दिलं, "कुणी नाव घेतलं का तुमचं?" मग दोन्हीकडून चार-चार माणसं उठली. मुख्याध्यापकांनी प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यायला सांगितलं, ते कुणी ऐकलं नाही. काही घरं उठून गेली. शेवटी आवाज बसवले ते नानांनी, आणि तेही काही थोर बोलून नव्हे. ते उठून काठी शोधायला लागले, पोरं त्यांना धरायला धावली आणि भांडणाचा दम गेला.

एक चिठ्ठी मात्र आली होती, त्या मुलीने वाचली: महजरात शीव चालला त्याचं नाव आणि आमच्या खापरपणजोबांचं नाव एकच आहे, तो आमचा पूर्वज धरायचा का? याचं उत्तर मला द्यावं लागलं आणि ते विचारणाऱ्याला आवडणारं नव्हतं. नावं पिढ्या सोडून पुन्हा येतात. 1772 आणि खापरपणजोबा यांच्यामध्ये आणखी काही पिढ्या बसतात. तो धागा जोडायला मधली नावं हवीत, त्याच्या जागा वेगळ्या. नाशिक-त्र्यंबकच्या उपाध्यायांच्या वह्या, इनामांच्या चौकशीतले कागद, आणि आपल्या भागात बैलावर पोथ्या घेऊन फिरणारे हेळवी, जे घराण्यांच्या वंशावळी सांभाळतात. अर्थात यांच्या वह्यांत प्रत्येक समाजाची घरं सारख्याच मायेने लिहिलेली असतील असं समजू नये. तो मुलगा म्हणाला, "म्हणजे आमचा असेल पण आणि नसेल पण." तसंच होतं ते.

पुढच्या काही महिन्यांत जे झालं ते एका रंगाचं नाही. आबांनी पेटी पुन्हा कुलपात घातली आणि राहिलेल्या रुमालांचे फोटो काढायला नकार दिला. बागवाल्या घरातले मंडळाकडे फिरकेनासे झाले, त्यांच्याबरोबर त्यांच्या भावकीतली काही घरंही. मारुतीच्या देवळाचा माईक मिळेनासा झाला. शाळेत माईक लागत नाही, त्यामुळे ते एक बरंच झालं. दुसऱ्या बाजूने, ज्या वस्तीतून मंडळाला आजवर एक कागद आला नव्हता तिथून प्लॅस्टिकच्या पिशव्या यायला लागल्या. गिरणीचे पगारपत्रक, गोदीतला पास, चाळीतल्या खोलीच्या भाड्याच्या पावत्या, महार रेजिमेंटमधून सुटल्याचा दाखला. ही रेजिमेंट 1941 साली उभी राहिली, म्हणजे यातला पहिला शिपाई दुसऱ्या महायुद्धातला. गावाच्या इतिहासाचा एवढा भाग मुंबईत पडलेला आहे, हे मंडळाच्या ध्यानात यापूर्वी आलं नव्हतं. पाटीलवाड्यातली पेटी कितीही मोठी असली तरी त्यात हे सापडणार नव्हतं.

वस्तीतल्या एका घराने फेरफारांच्या नकला मागवल्या. त्याचं पुढे काय झालं ते मंडळाला ठाऊक नाही आणि मंडळाने विचारलंही नाही. यावर मंडळात दोन मतं आहेत. पुण्याच्या तरुणांना वाटतं की वाचून दाखवलं तर पुढे साथही द्यायला हवी. तलाठ्यांचं म्हणणं, ज्या दिवशी मंडळ एका बाजूचं वकीलपत्र घेईल त्या दिवसापासून दुसऱ्या बाजूची एकही पेटी उघडणार नाही. मी तलाठ्यांच्या बाजूचा आहे, पण एक पुस्ती जोडून: कागद कसा वाचायचा, नक्कल कुठून काढायची, हे ज्याला हवं त्याला शिकवणं म्हणजे वकिली नव्हे. त्यानंतर शाळेत मोडीचा छोटा वर्ग सुरू झाला आहे. त्यात वस्तीतली तीन पोरं आहेत आणि आबांची नातही आहे.

एका गोष्टीत मंडळाचं चुकलं असं मी त्यांना तोंडावर सांगितलं आहे. वाद नको म्हणून त्यांनी त्या संध्याकाळी मोबाईलवर चित्रण करायला मनाई केली होती. मनाई पाळली ती मंडळानेच. दुसऱ्या दिवशी सकाळी भांडणाची क्लिप तालुकाभर फिरली. नानांचं बोलणं, तलाठ्यांनी फळ्यावर लिहिलेली तीन सालं, महजराचं वाचन, यातलं कुठेही काही नाही. ज्यांनी ती क्लिप बघितली त्यांच्या दृष्टीने त्या गावात इतिहासावरून मारामारी झाली, एवढंच. स्वतःचं साधं ध्वनिमुद्रण असतं तर निदान नानांचा आवाज राहिला असता. ते आता फारसे बाहेर पडत नाहीत.

पेटी बंद झाली म्हणून महजर गेला असंही नाही. अशा निवाड्यांच्या प्रती दोन्ही गावच्या पाटलांकडे आणि परगण्याच्या देशमुख-देशपांड्यांकडे असायच्या. पुण्याच्या पुराभिलेखागारात, ज्याला सगळे अजून पेशवे दफ्तरच म्हणतात, कोट्यवधी मोडी कागद 1891पासून एका इमारतीत आहेत. त्यात या परगण्याचे रुमाल आहेत. शेजारच्या गावाची प्रत तिथे किंवा त्या गावच्या पाटलांकडे मिळण्याचा संभव बराच. आणि ती मिळाली तर पहिली गोष्ट ही बघायची, की हरलेल्या गावाने त्याच शिवेचं वर्णन कसं केलं आहे. हे काम त्या बी.ए.वाल्या मुलीने अंगावर घेतलं आहे.

मंडळाने पुढचा विषय ठरवताना जमिनीपासून लांब जायचं मनात आणलं आणि 1972चा दुष्काळ निवडला. लाल मिलो ज्वारी, सुकडी, खडी फोडायची कामं, त्यात राबलेल्या बायका अजून गावात आहेत आणि बोलायला तयार आहेत. त्या कामांवर गावात एक पाझर तलाव झाला. पहिल्याच बैठकीत कुणीतरी विचारलं की तलावाखाली कुणाची रानं गेली आणि मोबदला कुणाला मिळाला. सचिवांनी डोक्याला हात लावला. तलाठ्यांनी वहीत लिहून घेतलं की भूसंपादनाची यादी आणि हजेरीपत्रकं कुठे असतील ते बघायचं आहे. या वेळी रेकॉर्डर आणायचं काम सचिवांकडेच दिलं आहे.